चेरी श्रिंपच्या टँकची निगा: मुंबईचं पाणी आणि मुंबईची हवा

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तर त्यालाही संदर्भ लागेल. गोरेगावात फ्लॅट, हॉलमध्ये दोन फुटी टँक, पाणी साधारण ५० लिटर, एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, थोडं जावा मॉस आणि कुर्ल्याच्या मार्केटमधून आणलेले २५ लाल चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातल्या शोभेच्या छोट्या कोळंब्या. दर रविवारी तुम्ही अर्धं पाणी काढता, स्पंज नळाखाली स्वच्छ होईपर्यंत पिळता, चारही काचा घासून लख्ख करता, खडी तळापासून ढवळून गाळ उपसता. सोमवारी-मंगळवारी एखाददुसरा मेलेला सापडतो. काहींच्या मानेमागे आडवी पांढरी रेघ दिसली. आता निम्मे उरलेत आणि दुकानदार सांगतो, पाणी आठवड्यातून दोनदा बदला.

दुकानदाराचं हे ऐकू नका. तो माशांच्या हिशेबाने बोलतोय, आणि गोल्डफिशच्या टँकला ते लागूही पडेल. तुमच्या श्रिंपना घाण मारत नाहीये, रविवार मारतोय.

ती पांढरी रेघ नीट समजून घ्या, कारण सगळं उत्तर तिच्यात आहे. श्रिंप वाढतं तसं कात टाकतं. पाठीवर, डोक्याचं कवच आणि शेपटाकडचा भाग जिथे जुळतात तिथे जुनी कात फाटते, आणि श्रिंप अंग वाकवून एका झटक्यात त्या फटीतून बाहेर येतं. निरोगी श्रिंपला याला काही सेकंद पुरतात. कात फाटून जर पूर्ण गोल कडं पडलं, तर आत अडकलेल्या जिवाला ती ढकलून निघायला आधारच राहत नाही. हे होण्याची नेहमीची कारणं दोन: पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असणं, किंवा पाणी अचानक इतकं बदलणं की कात वेळेआधीच टाकावी लागते. तुमच्याकडे दोन्ही आहेत.

तुम्ही कळवलेले आकडेच घ्या. टँकचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचा आकडा, २४०, नळाचा ७०. अर्धं पाणी बदललंत की टँक एका तासात २४० वरून १५५ वर येतो. आठवडाभर बाष्पीभवन होतं, तुम्ही नळाचंच पाणी वरून घालता, खाद्य कुजतं, आकडा पुन्हा चढतो. पुढच्या रविवारी पुन्हा दणका. माशाला हे चालून जातं, श्रिंपला नाही. आता यातलं फक्त ५ लिटर बदललंत तर? २४० चे साधारण २२३ होतात. आणि ते ५ लिटर आधीच २०० पर्यंत आणून घातलंत तर २३६. एवढा फरक त्यांना कळणारही नाही. (टीडीएस मीटर म्हणजे आरओवाले दारात येऊन पाण्यात बुडवून दाखवतात ती पेनासारखी वस्तू. श्रिंप पाळायचे तर ती घरात हवीच.)

पण मीटरवर फार विसंबू नका. तो पाण्यात विरघळलेलं सगळं एकत्र मोजतो, ते काय आहे हे सांगत नाही. तुमच्या टँकमधल्या २४० मध्ये कॅल्शियम किती आणि कुजलेल्या खाद्याचं नायट्रेट किती, हे त्याला कळत नाही. त्यासाठी जीएच (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) आणि केएच (पीएच घसरू न देणारे कार्बोनेट क्षार) मोजणारं थेंबांचं किट घ्या. चेरीला जीएच ६ ते ८, केएच २ ते ४, पीएच ६.५ ते ७.५ आणि टीडीएस १५० ते २५० मानवतो. मुंबईचं पाणी भातसा, तानसा, मोडकसागर, वैतरणा अशा तलावांतून येतं. साठवलेलं पावसाचं पाणी ते, त्यामुळे मृदू. प्यायला उत्तम, डाळही पटकन शिजते, पण नुसत्या त्या पाण्यावर श्रिंपचं कवच भरत नाही. पुण्यात बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांचे सल्ले वाचून मुंबईत टँक चालवणारे इथेच फसतात. तिकडे पाणी पातळ करावं लागतं, आपल्याला त्यात भर घालावी लागते.

भर घालायला श्रिंपसाठी मिळणारी मिनरल पावडर सगळ्यात सरळ. जीएच आणि केएच दोन्ही वाढवणारी घ्या. काही पावडरी फक्त जीएच वाढवतात. त्या मधमाशीसारखे पट्टे असणाऱ्या क्रिस्टल श्रिंपसाठी, म्हणजे कॅरिडिना जातीसाठी असतात. पावडर थेट टँकमध्ये कधीच टाकू नका. बादलीत विरघळवा, मीटर लावा, मग पाणी टँकमध्ये. जोडीला समुद्रफेनाचा बोटाएवढा तुकडा टँकमध्ये ठेवा. पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तोच, काष्ठौषधीच्या दुकानातही मिळतो. आधी तरंगेल, काही दिवसांत बुडेल. तो फार हळू विरघळतो, त्यामुळे पावडरीची जागा घेणार नाही, पण केएच तळाला जाऊ देत नाही, आणि श्रिंप त्यावर बसून खरवडत राहतात.

आता नवा रविवार कसा असावा ते सांगतो. शनिवारी एका बादलीत १० लिटर पाणी भरून ठेवा आणि त्यात एअर पंपाची एक नळी सोडा. ही बादली फक्त टँकसाठी राखलेली हवी. जिच्यात कधी साबण, फिनेल पडलं असेल ती नको. क्लोरीन २४ तासांत उडून जातो. घाई असेल तर अँटिक्लोरीनचे थेंब घाला, बाटलीवर लिहिलंय तेवढेच. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा मी उभं ठेवलेल्या पाण्यातही थेंब घालतो. गढूळ पाणी आलं म्हणून तुरटी फिरवायची सवय बऱ्याच घरांत आहे. ते पाणी टँकला नको. तुरटी केएच खाते आणि आपल्याकडे तो मुळातच थोडा असतो, पीएच घसरतो.

रविवारी टँकमधून ५ लिटर काढा. त्यासाठी एअर पंपाचीच बारीक नळी वापरा आणि तोंडाला जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा रबराने बांधा, नाहीतर तांदळाच्या कणीएवढी पिल्लं नळीतून निघून जातात आणि दिसतही नाहीत. पाणी पांढऱ्या टबमध्ये काढा, ओतून देण्याआधी टॉर्च मारून बघा. खडी ढवळू नका. खाद्य टाकता त्या कोपऱ्यात जमलेला गाळ तेवढा वरच्यावर ओढून घ्या. बाकीचा राहू द्या, त्यात पिल्लांचं जेवण आहे.

भरताना पाणी मगाने ओतू नका. औषधाच्या दुकानात सलाईनचा सेट मिळतो. त्याचं एक टोक बादलीत, एक टोक टँकमध्ये, आणि मधलं चाक फिरवून धार थेंबांवर आणा. बादली टँकपेक्षा उंच हवी, स्टूलवर ठेवा. काही तासांत ५ लिटर आपोआप आत जातं आणि तुम्ही तोवर मटण निवडायला मोकळे.

फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, तोही टँकमधून काढलेल्या पाण्यात, दोन-तीनदा हलकेच दाबायचा. पाणी काळं निघालं की बस झालं. स्पंज तपकिरीच दिसायला हवा. अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू त्याच स्पंजवर राहतात. नळाच्या क्लोरीनखाली तुम्ही त्यांना धुऊन टाकता आणि त्याच दिवशी खडी ढवळून साठलेली घाण पाण्यात मोकळी करता. सोमवारी अमोनिया चढणार नाही तर काय होईल?

काचा: समोरची पुसा, मागची आणि बाजूच्या सोडून द्या. हिरवट-तपकिरी जो थर धरतो तो शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा असतो, आणि श्रिंप दिवसभर तोच चरत असतात. चमकणारा टँक फोटोला बरा.

खाद्याबद्दलही हेच. तुम्ही रोज दोन वेळा घालता असं लिहिलंय. ते आठवड्यातून दोन-तीनदा करा. १२-१३ श्रिंपना मुगाच्या दाण्याएवढी गोळी भरपूर होते. दोन तासांत जे उरेल ते काढून टाका. जास्तीच्या खाद्यावर प्लॅनेरिया म्हणजे काचेवर सरपटणारे त्रिकोणी डोक्याचे पांढरे किडे वाढतात आणि ते पिल्लं खातात. घरातलं द्यायचं तर शेवग्याचा पाला सावलीत वाळवून ठेवा, चिमूटभर टाका. पालक-दोडका उकडून चालतो, पण बाजारच्या भाजीवर फवारणी असते. मी फक्त कुंडीतलीच देतो. आणि देशी बदामाची पानं! मुंबईत जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या आवारात झाड असतं. झाडावरून आपोआप गळलेलं, तपकिरी, कोरडं पान घ्या; रस्त्याकडेचं काजळी धरलेलं नको. धुऊन, पाच मिनिटं उकळून टाका. तुमच्या टँकला एका वेळी एक पुरे. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका. दोन-तीन आठवड्यांत पानाची नुसती जाळी उरते, तेव्हा दुसरं टाका.

इथपर्यंतची निगा कुठल्याही शहरात थोड्याफार फरकाने हीच. मुंबईत मात्र श्रिंप मरण्याचं मोठं कारण पाण्यातून नाही, हवेतून येतं, आणि लोक पाणीच तपासत बसतात.

डास-झुरळांवरची औषधं श्रिंपला विष आहेत, कारण श्रिंप आणि कीटक एकाच संधिपाद गटातले. लिक्विड मशीन, कॉइल, मच्छर अगरबत्ती, झुरळांचा स्प्रे या सगळ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातलं रसायन असतं, आणि ते अगदी क्षुल्लक प्रमाणातही पाण्यातल्या कवचधारी जिवांना मारतं. मासे एकवेळ वाचतात, श्रिंप झटके देत उलटे पडतात. आता तुमचा एअर पंप आठवा. तो खोलीतली हवा ओढतो आणि बुडबुडे करून थेट पाण्यात मिसळतो. म्हणजे हॉलमध्ये रात्रभर लिक्विड लावलंत तर ते रात्रभर टँकमध्ये जातंय. टँकच्या खोलीत हे काहीच नको. मच्छरदाणी लावा, खिडकीला जाळी बसवा. झुरळांसाठी पेस्ट कंट्रोलवाल्याला स्प्रे नको, जेल लाव म्हणून आधीच सांगा. सोसायटीत महापालिकेचे लोक धूर मारायला येतात तेव्हा खिडक्या बंद, एअर पंप बंद, टँकवर ओली चादर. धूर पूर्ण विरेपर्यंत, तास-दीड तास पंप बंद राहिला तर काही होत नाही. हाताला मच्छरांचं क्रीम लागलेलं असेल तर टँकमध्ये हात घालू नका. कुत्रा असेल आणि त्याला गोचिडांचे थेंब लावले असतील तर तेच. नवी पाणवनस्पती आणलीत तर तिच्यावरही फवारणी झालेली असू शकते. आठ-दहा दिवस वेगळ्या बादलीत, रोज पाणी बदलत ठेवा, मगच आत.

तांबं हा दुसरा शत्रू. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांत कॉपर सल्फेट असतं. दुकानदाराने ‘सगळ्याला चालतं’ म्हणून दिलेली निळी बाटली लेबल वाचल्याशिवाय वापरू नका. गीझरचं पाणीही नको, आत तांब्याचे भाग असतात. देवघरातल्या तांब्याच्या कलशातलं पाणी टँकला घालणारे आजोबा मला माहीत आहेत. त्यांना नम्रपणे थांबवा.

उन्हाळा. चेरी २२ ते २६ अंशांत खूश असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात टँकचं पाणी सहज ३० ओलांडतं. २५ अंशाला पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ ला जेमतेम सव्वासात, आणि त्याच वेळी श्रिंपची गरज वाढलेली असते. माद्या अंडी टाकून देतात, पिल्लं टिकत नाहीत. उपाय साधे आहेत: दुसरा एअर स्टोन लावा, दिवा पाच-सहा तासांवर आणा, खाद्य अर्ध्यावर, झाकण काढून पाण्यावर तिरका छोटा पंखा. मुंबईच्या दमट हवेत पंख्याने एखाददोन अंशच उतरतात, नागपुरात उतरतात तितके नाही, पण तेवढेही पुरतात. पंख्याने पाणी भराभर आटतं. आटतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात, म्हणून आटलेली भर फक्त आरओच्या पाण्याने करा. आरओचा या टँकला एवढाच उपयोग. काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा आणि रोज तिथपर्यंत भरा. बर्फाची बाटली नको. तापमान झपकन उतरतं, वितळली की पुन्हा चढतं, आणि आपण त्याच धक्क्यांपासून त्यांना वाचवायला निघालोय.

मे महिन्यात पाणीकपात लागली की सोसायटी टँकर मागवते. टँकरचं पाणी बहुतेकदा बोअरचं. काल ७० असलेला नळ आज ५०० दाखवू शकतो, म्हणून बादली भरली की मीटर बुडवायचा, न चुकता. आणि सोसायटीची टाकी धुणार अशी नोटीस लिफ्टपाशी लागली की आदल्या दिवशी दोन बादल्या भरून ठेवा. टाकीला ब्लीचिंग पावडर लावतात. नंतरचे दोन-तीन दिवस नळाचं पाणी टँकला वापरू नका.

आजारांवर फार लिहीत नाही, कारण तुमचा प्रश्न तो नाही. नाकाच्या टोकाशी पांढरे केसासारखे तंतू हलताना दिसले तर कपभर टँकच्या पाण्यात चमचाभर साधं मीठ, आयोडीनचं नको, त्यात श्रिंपला अर्धा ते एक मिनिट बुडवून परत सोडायचं. प्लॅनेरियावर कुत्र्यांच्या जंतांचं फेंबेंडाझोल चालतं, पण गोगलगायी त्याने मरू शकतात. आधी खाद्य कमी करून बघा. पारदर्शक, पोकळ कवच तळाशी दिसलं तर ती कात आहे, मेलेलं श्रिंप नव्हे. काढू नका, ते खाऊन कॅल्शियम परत मिळवतात. मेलेलं अपारदर्शक आणि गुलाबी होतं; ते लगेच काढा.

आता क्रम. आज काहीच बदलू नका. पुढचे चार आठवडे वरच्याप्रमाणे ५-५ लिटर, मिनरल घातलेलं पाणी. जीएच आठवड्याला एक अंशापेक्षा जास्त चढवू नका. जीएच ६ वर स्थिरावला आणि महिनाभर पांढरी रेघ दिसली नाही की मग नवे आणा. त्याआधी आणलेत तर पैसे पाण्यात. कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटला गेलात तर सगळ्यात मोठे, सगळ्यात लाल निवडू नका. चेरीचं आयुष्य वर्ष-दीड वर्षाचं; मोठे म्हणजे म्हातारे. मध्यम आकाराचे, चरत असलेले घ्या, आणि दुकानदाराला त्याच्या पाण्याचा टीडीएस मोजू द्यायला सांगा. घरी पिशवीतलं पाणी श्रिंपसकट डब्यात ओतून त्याच सलाईनच्या सेटने टँकचं पाणी दोन तास थेंबथेंब सोडा, मग जाळीने उचलून टँकमध्ये. दुकानाचं पाणी आत नको. लाल, पिवळे, निळे एकत्र ठेवू नका. आपसांत वीण झाली की काही पिढ्यांत सगळे मातकट रंगाचे होतात. आणि संख्या वाढली म्हणून पवईच्या तलावात किंवा नाल्यात सोडू नका. हे आपल्याकडचे नाहीत, तैवान-चीनकडचे आहेत. कुणाला तरी द्या.

मादीच्या पोटाखाली पिवळट-हिरव्या अंड्यांचा झुबका दिसला की साधारण २५ ते ३० दिवसांत पिल्लं. अगदी छोटे श्रिंपच बाहेर पडतात, वेगळं काही करावं लागत नाही. तिला वेगळ्या डब्यात हलवू नका.

शेवटी तुम्ही विचारलंय की गणपतीला दहा दिवस कोकणात गेल्यावर काय. काहीच नाही. बदामाचं एक पान टाकून जा, दिवा टायमरवर, खाद्य शून्य. दहा दिवस ते शेवाळावर आरामात काढतात. शेजाऱ्यांना किल्ली देणार असाल तर खाद्याची डबी कपाटात कुलूप लावून ठेवा, आरओच्या पाण्याची बाटली बाहेर ठेवा आणि काचेवरची रेघ दाखवा. झाडांना पाणी घालायला आलेल्या काकूंनी डास दिसले म्हणून हॉलमधलं मशीन चालू करू नये, हे मात्र समोर उभं राहून सांगा, आणि रिफिल काढूनच जा.